एक नाव जास्तीचं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, हे सांगायची वेळ माझ्यावर वर्षातून एकदा तरी येते. परतूरच्या माझ्या जुन्या शाळेत माजी विद्यार्थ्यांना बोलावतात, शाल-नारळ देतात आणि दोन शब्द बोलायला लावतात. समोर बसलेल्यांना वाटतं, हा आता आईवडिलांचं नाव घेईल, मग गणिताच्या गुरुजींचं. ती नावं मी घेतोच. पण त्यांच्याआधी मी मामोचं नाव घेतो, आणि पुढच्या रांगेतली मुलं एकमेकांकडे बघायला लागतात.

मामो माझी जर्मनीतली घरमालकीण. जन्माने आयरिश, त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातली. ‘मामो’ म्हणजे तिच्या भाषेत आजी. तिचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती म्हणायची, “ते माझ्या नवऱ्याचं नाव आहे. तो गेला, पाटी राहिली. तू मला मामो म्हण.” मी तिला सुरुवातीला जर्मन रीतीने अहोजाहो करायचो. आठवड्याभरात तिने बजावलं की या घरात अहोजाहो फक्त पोस्टमनला आणि तेही तो बिल घेऊन आला तरच. तेव्हापासून ती माझ्यासाठी ‘ती’ झाली.

तिचं घर लुडविग्सहाफेनला होतं. मी पीएचडीला हायडेलबर्गला होतो आणि रोज एस-बानने, म्हणजे तिकडच्या लोकलने, जा-ये करायचो. हायडेलबर्गमध्ये खोली मिळाली नव्हती म्हणून मी ऱ्हाइन नदीच्या पलीकडच्या काठाला आलो, आणि माझं नशीब म्हणायचं की मिळाली नाही. माझ्या माडीवरच्या खोलीच्या खिडकीतून रसायनांच्या कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या. मामोचा नवरा त्याच कारखान्यात केमिस्ट होता. त्याचा फोटो स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर. ब्रेड करपला की ती फोटोतल्या नवऱ्यावर ओरडायची. “बघत बसलास, सांगितलं नाहीस!”

उंच, हाडकुळी बाई. केस स्वतःच स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापायची, आणि ते तसे दिसायचे. अंगात नवऱ्याचा रेनकोट, पायात त्याचेच रबरी बूट. ती जर्मन बोलायची सरकारशी, इंग्रजी बोलायची माझ्याशी आणि आयरिश बोलायची देवाशी, मांजराशी आणि वॉशिंग मशीनशी. मशीन बंद पडलं की आयरिश जोरात ऐकू यायची. “ही देवाशी बोलायचीच भाषा आहे,” ती मला सांगायची, “पण देव ऐकत नसेल तर मशीनने ऐकावं.”

मी तिच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. एका हातात सूटकेस, दुसऱ्या हातात आईने दिलेला भाजणीचा डबा. दार उघडलं आणि ती मोठ्यांदा म्हणाली, “जिया घ्विच!”

हा काहीतरी नमस्कार आहे एवढं माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे समोरचा ‘राम राम’ म्हणाला की आपणही ‘राम राम’ म्हणतो. नमस्काराला नमस्कार. मी डबा खाली ठेवला, हात जोडले आणि शक्य तितक्या आदराने म्हणालो, “जिया घ्विच.”

तिचं तोंड पडलं. “जेवढं दिलं तेवढंच परत?” ती म्हणाली. “हे काय दुकान आहे?”

मी दारातच उभा. मग तिने मला तिथेच, सूटकेस उंबऱ्याबाहेर असताना, तिच्या गावाची रीत शिकवली. जिया घ्विच म्हणजे देव तुझ्यासोबत असो. त्याला उत्तर द्यायचं ते ‘जियास म्विरा घ्विच’, म्हणजे देव आणि मेरी तुझ्यासोबत असोत. एक नाव जास्तीचं. पहिल्याला आणखी बोलायचं असेल तर तो संत पॅट्रिकला जोडतो, मग दुसरा संत ब्रिजिटला. समोरच्याने तुला एक दिलं तर तू दोन द्यायचे. त्याने दोन दिले तर तू तीन. “जेवढ्यास तेवढं परत करणारा माणूस,” ती म्हणाली, “आमच्याकडे त्याला पाहुणा म्हणत नाहीत. त्याला तपासनीस म्हणतात.”

मला तेव्हा आमच्या गल्लीतल्या वाट्या आठवल्या. शेजारून भाजीची वाटी आली की आई ती धुऊन कधी रिकामी परत करायची नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, मूठभर शेंगदाणे, काही तरी टाकूनच द्यायची. मी मामोला हे माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं, सूटकेस स्वतः उचलून आत नेली आणि म्हणाली, “मग तुला सगळं माहीतच आहे. उगीच वेळ घालवला.”

भाजणीच्या डब्याचं झाकण तिनेच उघडलं. तो डबा पुढे चार वर्षं तिच्या आणि माझ्या मध्ये फिरत राहिला. एकदाही रिकामा फिरला नाही.

*

मी मराठी शाळेतला मुलगा. पदवीपर्यंत पोचलेला आमच्या घरातला पहिलाच. प्रयोगशाळेत हात चांगला चालायचा, पण तोंड उघडत नसे. प्राध्यापकांनी विचारलं, “कसं चाललंय?” की मी म्हणायचो, “गुट.” बरं. एवढंच. आठवड्याच्या बैठकीत बाकीचे आपापल्या प्रयोगाबद्दल अर्धा अर्धा तास बोलायचे. माझं दोन मिनिटांत संपायचं आणि मी पाणी प्यायला लागायचो.

मामोने हे ओळखलं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, संध्याकाळच्या जेवणाला. ती रोज सोडा घालून काळपट ब्रेड भाजायची. भट्टीत घालण्याआधी सुरीने त्याच्यावर फुली मारायची, आतल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी म्हणून. आणि चहा! जर्मनीत सगळे कॉफी पितात आणि चहा म्हणून जे देतात ते रंगवलेलं पाणी असतं. मामोचा चहा मात्र दुधाचा, कडक, आमच्या स्टँडवरच्या चहासारखा. तो चहा ओतता ओतता तिने विचारलं, “दिवस कसा गेला?”

“बरा गेला.”

तिने कप माझ्या हाताला लागू दिला नाही. मागे घेतला. “एक जास्तीचं.”

“म्हणजे?”

“मी एक प्रश्न दिला. तू एक शब्द परत केलास. आणखी एक काहीतरी दे, मग चहा.”

मी सांगितलं की आज एक काचेचं भांडं फुटलं. तिने कप अर्धा पुढे सरकवला. मी सांगितलं की भांडं माझ्याच हातून फुटलं, पण मी कोणाला सांगितलं नाही. कप माझ्या हातात आला.

चार वर्षं रोज हेच. पहिल्या वर्षी मला दोन वाक्यांवर चहा मिळायचा, दुसऱ्या वर्षी पाचांवर. नंतर नंतर ती कप देऊन मोकळी व्हायची आणि माझं बोलणं संपत नसे. एकदा तर तिनेच हात वर केला, “आल्झो, पुरे! चहा गार झाला!” प्रयोगशाळेतल्या बैठकीत मी पहिल्यांदा अर्धा तास बोललो तेव्हा प्राध्यापकांनी विचारलं की तुम्ही एवढं बोलायला कुठे शिकलात. मी सांगितलं, “चहामुळे.” त्यांना ते कळलं नाही. मीही समजावत बसलो नाही.

मामोची ही रीत फक्त घरापुरती नव्हती, हाच खरा त्रास होता. एकदा माझ्या मुक्कामाच्या परवान्याचं काम होतं म्हणून ती माझ्यासोबत आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत आली. नंबर लागला. काचेमागच्या बाईंसमोर उभी राहून मामो म्हणाली, “जिया घ्विच!” आणि थांबली.

“गुटेन मॉर्गन,” बाई म्हणाल्या. “कागद?”

मामो जागची हलली नाही. मागे रांग. “मामो, चल ना, कागद दे.”

“मी हिला देव दिला,” ती मला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आणि ही मला सकाळ देते. सकाळ तर सगळ्यांना फुकट मिळते.”

शेवटी त्या बाईंनी विचारलं की मी काय म्हणायला हवं? मामोने शिकवलं. त्यांनी दोनदा घोकलं. कागदावर शिक्का बसला. पुढे मी जेव्हा जेव्हा त्या काचेपुढे गेलो तेव्हा त्या बाई माझ्याकडे न बघताच म्हणायच्या, “जियास म्विरा. कागद?”

शेजारच्या आजोबांवर मात्र तिची मात्रा चालली नव्हती. ते कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, त्या भागातलेच, अस्सल फाल्ट्झचे. दर शनिवारी दोघं आपापल्या दारापुढचा फुटपाथ झाडायचे. मामो हद्दीपर्यंत झाडायची आणि तिथे उभी राहून म्हणायची, “जिया घ्विच!” आजोबा झाडू न थांबवता म्हणायचे, “मॉर्ये.” म्हणजे त्यांच्या बोलीतलं शुभ सकाळ. असं वीस-बावीस वर्षं चाललं होतं म्हणे. रविवारी तिने रेडिओ मोठा लावला की आजोबा भिंतीवर तीनदा ठोकायचे. ती चारदा ठोकायची.

*

सतरा मार्च हा संत पॅट्रिकचा दिवस. मानहाइमच्या पबमध्ये त्या दिवशी हिरव्या टोप्या घालून लोक नाचतात. मामोला त्याचा तिटकारा. “ते आयर्लंड नव्हे, ते आयर्लंडचं कव्हर,” ती म्हणायची. तिच्या घरी त्या दिवशी दुपारी ब्रेड, उकडलेले बटाटे, कोबी आणि चहा. येणाऱ्याने दुकानातून काही आणायचं नाही. घरून जे आणता येईल ते. गाणं, गोष्ट, नाच, काहीही.

आणि दारातून आत यायचं ते नमस्काराचं उत्तर देऊनच. त्या दिवशीचा नियम आणखी कडक होता. आधी आलेल्यांनी घेतलेली सगळी नावं म्हणायची आणि शेवटी आपलं एक जोडायचं. ‘तुझ्या वाटेवर ज्याने तुझा हात धरला त्याचं,’ अशी तिची अट. संतच हवा असं नाही. शेजारचे आजोबा त्या दिवशी मात्र न चुकता यायचे, कारण बटाटे त्यांना आवडायचे. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. बाकीची नावं गाळून ते दरवर्षी एकच नाव जोडायचे, “फॉयरवेअर.” म्हणजे अग्निशमन दल. त्यांचं घर लहानपणी जळत असताना त्यांना कोणीतरी खिडकीतून उचललं होतं. त्यामुळे मामोच्या दारात दरवर्षी देव, मेरी, पॅट्रिक, ब्रिजिट आणि अग्निशमन दल एका ओळीत उभे राहायचे.

पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “गणपती.”

मामोने डोळे बारीक केले. “हा तुझा, की कॅलेंडरवरचा?”

पुढच्या वर्षी मी शाळेतल्या गुरुजींचं नाव घेतलं. ते तिने चालवून घेतलं, पण म्हणाली, “अजून आत आहे एक. येईल.”

जेवण झालं की ती या नमस्काराचं मूळ सांगायची. हा नमस्कार आला कुठून, एकाने दिलेल्याला दुसऱ्याने वाढवायचं हे सुरू कसं झालं. गंमत अशी की दरवर्षी मूळ वेगळं. एका वर्षी दोन गावं होती, एकमेकांपेक्षा सभ्य ठरण्याची त्यांच्यात पैज लागली, आणि नमस्कार एवढे लांबले की कोणाची शेतं नांगरून झाली नाहीत. दुसऱ्या वर्षी एक बहिरा कोळी होता, त्याला ऐकू आलं की नाही हे कळावं म्हणून पाद्र्याने त्याला सांगितलं की तू एक नाव वाढवून म्हण. मी विचारलं, “यातलं खरं कुठलं?”

“खरं कोणालाच माहीत नाही. जुन्या गोष्टीला मूळ एकच असेल तर ती गोष्ट नव्हे, सरकारी कागद.”

*

आता जी गोष्ट सांगायची टाळत आलो ती सांगतो.

माझे वडील, अण्णा, परतूरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत वाजवायचे, उरलेले दिवस मिळेल ते काम करायचे. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. वरातीत सगळ्यांच्या पुढे अण्णा असायचे, आणि जेवणाच्या पंगतीत सगळ्यांच्या शेवटी. मी दहावीत असताना वर्गातल्या एका मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. मी पाहुणा म्हणून गेलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. वरात समोरून आली. अण्णा माझ्यापासून दोन हातांवरून वाजवत गेले. मी मित्राशी बोलत राहिलो. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

जर्मनीत आल्यावर ओळख झालेल्या मराठी लोकांनी विचारलं की वडील काय करतात, तर मी सांगितलं, संगीत शिक्षक आहेत. मानहाइमला गाड्यांच्या कारखान्यातले एक पुण्याचे इंजिनियर होते, ते आणि त्यांची बायको मला सणावाराला जेवायला बोलवायचे. वहिनी कौतुकाने म्हणायच्या, “घरात संगीत म्हणजे संस्कारच वेगळे.” मी मान खाली घालून पुरणपोळी खायचो.

चौथ्या वर्षी माझी तोंडी परीक्षा मार्चच्या शेवटी ठरली. मामो म्हणाली, “वडिलांना बोलव. यजमान म्हणून मी सही करते.” तिने केलीही, त्याच काचेपुढे, नमस्काराचा सगळा सोपस्कार करून. अण्णांचा व्हिसा आला. ते सतरा मार्चच्या आदल्या दिवशी पोचणार होते. मी फोन केला तेव्हा अण्णांनी विचारलं, “वाद्य आनू का रे? परीक्षा झाल्यावर वाजवीन थोडं.”

मी म्हणालो, “नको. विमानात ओझं होईल.”

“बरं,” अण्णा म्हणाले. “तुझं बरोबर हाय.”

मी हे फोनवर बोललो ते मामोच्या स्वयंपाकघरात, मराठीत. तिला शब्द कळले नव्हते. तरी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “आता काय परत घेतलंस?”

तिला खोटं सांगणं अवघड होतं, कारण चहाचा कप तिच्या हातात होता. मी सगळं सांगितलं. लाल कोट, वरात, संगीत शिक्षक. खिडकीतून सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं आणि मांजर त्या उन्हात झोपलं होतं.

“या नमस्काराचं मूळ सांगते तुला,” ती म्हणाली. “या वर्षीचं.”

ती बारा वर्षांची होती. गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत गेली होती, तिथे इंग्रजीच बोलायची सक्ती. शहरातल्या दोन मुलींबरोबर बाजाराच्या रस्त्याने चालली होती. समोरून तिची मामो आली. तिची स्वतःची आजी, डोक्यावर काळी शाल, हातात अंड्यांची टोपली, पायांत चपला नाहीत. आजी थांबून म्हणाली, “जिया घ्विच, बाळा.” आणि ही म्हणाली, “गुड मॉर्निंग, मॅडम.” जशी एखाद्या अनोळखी बाईला म्हणते तशी.

“मग?”

“मग तिने माझ्याकडे बघितलं. मैत्रिणींकडे बघितलं. आणि तिनेच हळूच म्हटलं, ‘जियास म्विरा घ्विच.’ माझं उत्तर तिनेच दिलं. माझ्या वाटचं. आणि गेली.” मामोने ब्रेडचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. “मी पुढे नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेले, तिथून इकडे. ती वारली ते पत्राने कळलं. तेव्हापासून मी जगाकडून मागते. जे मला द्यायचं होतं ते.”

तिने कप माझ्यापुढे सरकवला.

“चहा पी,” ती म्हणाली. “आज एकही शब्द जास्तीचा नको.”

मी त्या दिवशी फोन उचलून अण्णांना ‘वाद्य आणा’ असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोनदा रिसीव्हर हातात घेतला आणि ठेवला. आहे ते आहे.

*

अण्णा आले. पांढरा सदरा, वर माझा जुना स्वेटर, आणि मुंडासं जसंच्या तसं. स्टेशनवरून येताना त्यांनी विचारलं, “ती बाई दारात काय म्हंती, अन् आपन काय म्हनायचं?” मी शिकवलं. त्यांनी ट्राममध्ये दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. “ऱ्हाऊ दे. माझ्या जिभेला वळायचं न्हाई.”

आम्ही पोचलो तेव्हा मामो चर्चमध्ये होती आणि त्यानंतरही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने अण्णांना नमस्कार केला नाही. नुसतं हसून, खाणाखुणा करून खाऊ घातलं. तो नमस्कार तिने राखून ठेवला होता.

सतरा मार्चला दुपारी तिने आम्हा दोघांनाही बाहेर काढलं आणि पुन्हा बेल वाजवायला लावली. आत शेजारचे आजोबा होते, इंजिनियर साहेब आणि वहिनी होत्या; नवखे म्हणून त्यांना पॅट्रिक आणि ब्रिजिटवरच सोडलं होतं. दार उघडलं.

“जिया घ्विच!”

अण्णांनी दोन्ही हात जोडले, कमरेतून वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “राम राम!”

मामोने टाळीच वाजवली. “दोन! पहिल्याच दमात दोन! शिक काहीतरी,” हे मला.

सगळे हसले. अण्णा आत येऊन बसले. वहिनींनी मायेने विचारलं, “काका, प्रवास ठीक झाला ना? तुम्ही म्हणजे संगीत शिक्षक ना? ह्यांना नेहमी सांगते मी, या मुलाच्या बोलण्यात कसा ठेका आहे.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मग वहिनींकडे वळून हसले आणि म्हणाले, “व्हय बाई. शिकवतो थोडंफार.”

माझं उत्तर त्यांनीच दिलं होतं. माझ्या वाटचं.

मी अजून उंबऱ्यावरच होतो. माझं नाव जोडायचं राहिलं होतं. मामो दाराला हात लावून उभी होती आणि वाट बघत होती. मी म्हणायला सुरुवात केली. देव, मेरी, पॅट्रिक, ब्रिजिट, फॉयरवेअर, राम, राम. आणि मग म्हणालो, “अण्णा.” मग वहिनींकडे बघून मराठीत, आणि लगेच सगळ्यांसाठी जर्मनमध्ये सांगितलं, “ते शिक्षक नाहीत. ते परतूरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नांच्या वरातीत. तीस वर्षं. मी खोटं सांगितलं होतं.”

वहिनींचा हात ताटलीवर थांबला. साहेब खाली बघत म्हणाले, “अरे, असू दे, असू दे.” अण्णा मुंडाशाचं टोक उगीच नीट करत होते.

शेजारचे आजोबा उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, यांना आपल्या घरगुती भांडणाचा कंटाळा आला. दहा मिनिटांनी ते आले ते हातात एक काळी, धूळ भरलेली पेटी घेऊन. “क्लारिनेट्टं,” ते म्हणाले. माझ्या सगळ्या बोलण्यातला एवढा एकच शब्द त्यांनी धरून ठेवला होता. त्यांचे वडील गावच्या बँडमध्ये वाजवायचे, पेटी तळघरात पडून होती.

अण्णांनी पेटी उघडली. तुकडे जोडले. पुढची पट्टी ओठांत धरून ओली केली. मग बोटं एकेका कळेवर ठेवून बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही. “अरे,” ते मला म्हणाले, “कळा आपल्यासारख्याच हायेत की.”

ते वरातीतलं वाजवायला लागले. बंद खोलीत फार मोठं वाजलं. रविवारी रेडिओसाठी भिंत ठोकणारे आजोबा टेबलावर ठेका धरून बसले. वहिनींनी डोळे पुसले आणि मग त्याच साहेबांना ओढून उठवून नाचल्या, “अहो, उठा ना, आपल्या लग्नात तुम्ही नाचला नव्हतात!” मामो रबरी बूट घालून नाचली. ते वाजवणं संपल्यावर आजोबा उठून तिच्यासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “जियास म्विरा.”

“बावीस वर्षांनी!” मामो म्हणाली. “गेनाऊ! बरोब्बर बावीस!”

परीक्षाही झाली. मी पास झालो. पण परीक्षेचं मला तेवढं आठवत नाही.

*

दुसऱ्या वर्षी मी पुण्याला नोकरीला लागलो. सतरा मार्चला मला जाता येणार नव्हतं, म्हणून मी मामोला पत्र पाठवलं. इंग्रजीत लिहिलं होतं. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे, तीच इथे मराठीत देतो.

प्रिय मामो,

हे पत्र तुझ्या दारात सतरा तारखेला पोचावं असं बघितलं आहे. पोस्टमन बिल घेऊन आला नसेल तर त्यालाही आत बोलाव.

सोबत भाजणीचा डबा पाठवतो आहे. तुझ्याकडून येताना तू त्यात ब्रेडचं पीठ भरलं होतंस. आईने त्याचं जे काय केलं ते ब्रेड नव्हतं, पण आम्ही सगळ्यांनी खाल्लं. फुली मात्र तिने न विसरता मारली.

आजोबांना सांग, अण्णा निघताना त्यांनी हातात दिलेलं त्यांच्या वडिलांचं क्लॅरिनेट परतूरला सुखात आहे. अण्णा ते रोज पुसतात आणि लग्नातही तेच वाजवतात. लोकांना सांगतात की हे जर्मनीहून आलंय, फायरब्रिगेडवाल्यांचं आहे. कोणाला काही समजत नाही, पण मान मिळतो.

मागच्या महिन्यात एक लग्न होतं. माझ्या त्याच मित्राच्या धाकट्या भावाचं. मला पाहुणा म्हणून बोलावणं होतं. मी गेलो, इस्त्रीचा शर्ट घालूनच गेलो. पण वरातीत मी पाहुण्यांबरोबर चाललो नाही. अण्णांच्या बाजूने चाललो, पुढे, त्यांच्या वाद्याची पेटी खांद्याला लावून. मित्र धावत आला, म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुम्ही इकडे कुठे?” मी म्हणालो, “मी बँडवाल्यांचा आहे.” आणि जेवायला आम्ही शेवटच्या पंगतीला बसलो. भात थोडा गार होता. अण्णांनी आपल्या ताटातली जिलेबी उचलून माझ्या ताटात ठेवली. मी माझी त्यांच्या ताटात ठेवणार होतो, मग तुझी आठवण झाली, आणि मी त्यांची आणि माझी, दोन्ही त्यांच्या ताटात ठेवल्या.

तुझ्या मामोला तुझं उत्तर पोचलं असेल असं मला वाटतं. तू इतक्या लोकांच्या दारातून ते पाठवलं आहेस.

आता मी दारात उभा आहे असं समज. तू म्हणालीस, जिया घ्विच. माझं उत्तर हे:

देव, मेरी, पॅट्रिक, ब्रिजिट, फॉयरवेअर, राम, राम, अण्णा, आणि मामो, तुझ्यासोबत असोत.

आता तुझी पाळी.

तुझा,
माडीवरच्या खोलीतला